हरणाच्या शिकारीसाठी लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल : कोणते कॅलिबर निवडावे आणि का?

नोव्हेंबर आला की अमेरिकेतल्या अनेक राज्यांत पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या शिकारीचा हंगाम रंगात येतो. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार हरणाची शिकार हा गुन्हा आहे. अमेरिकेत मात्र परवाना काढून, ठरलेल्या दिवसांत ती करता येते. तिथे आजही अनेकांच्या हातात काऊबॉय चित्रपटांत दिसणारी लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल असते. चापाखालचा दांडा खाली-वर केला की रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे आत चढते. या रायफलीचे कॅलिबर चुकीचे निवडले, तर त्याची किंमत हरीण मोजते. जखमी होऊन ते पळते आणि झाडीत कुठेतरी तडफडून मरते.

कॅलिबर म्हणजे काय?

कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने नळीचा आतला व्यास. .३० म्हणजे ०.३० इंच, साधारण ७.६ मिलिमीटर. बोलताना मात्र काडतुसाच्या प्रकारालाही कॅलिबरच म्हणतात. ‘.३०-३०’ या नावातला दुसरा आकडा मूळ काडतुसात भरलेल्या दारूचा आहे. ती ३० ग्रेन, म्हणजे सुमारे दोन ग्रॅम होती.

गोळीचे टोक चपटे का?

बहुतेक लिव्हर रायफलींत काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक बसतात. गोळी टोकदार असेल तर ती पुढच्या काडतुसाच्या बुडावर, नेमकी ठिणगी पडते त्या जागी टेकते. धक्क्याने ते काडतूस आतच फुटू शकते. म्हणून टोक चपटे ठेवतात. पण चपट्या गोळीला हवेचा विरोध जास्त होतो आणि तिचा वेग लवकर घटतो. मऊ, लवचीक टोकाच्या नव्या गोळ्यांनी ही अडचण थोडी कमी केली आहे. सॅव्हेज ९९ किंवा ब्राऊनिंग बीएलआर यांची रचना वेगळी असल्याने त्यांत .३०८ सारखी टोकदार, लांब पल्ल्याची काडतुसेही चालतात.

.३०-३० अजूनही का टिकून आहे?

जॉन ब्राऊनिंग यांनी आखलेल्या विंचेस्टर १८९४ या रायफलीसाठी हे काडतूस १८९५ मध्ये बाजारात आले. गोळी साधारण १० ते ११ ग्रॅमची, खांद्याला बसणारा धक्का सोसवणारा आणि सुमारे १४० मीटरपर्यंत हरणासाठी पुरेशी ताकद. दाट जंगलात हरीण बहुधा त्याहून जवळच दिसते.

इतर पर्याय कोणते?

.३५ रेमिंग्टनची (१९०६) गोळी १३ ग्रॅमची, अधिक जड. पण काडतुसे सहज मिळत नाहीत. .४५-७० हे १८७३ सालचे अमेरिकी लष्कराचे काडतूस. हरणासाठी ते गरजेपेक्षा जास्तच आहे. गोळी दूरवर झपाट्याने खाली येते आणि धक्का जबर असतो. धक्क्याची धास्ती बसली की चाप ओढताना हात हलतो, नेम चुकतो. .४४ मॅग्नम हे मुळात पिस्तुली काडतूस. ते साधारण ९० मीटरपर्यंत चांगले. .३५७ मॅग्नमचा पल्ला त्याहून कमी.

जड गोळी झाडी भेदून सरळ जाते, हा समज मात्र फोल आहे. फांदीला लागली की कोणतीही गोळी दिशा बदलू शकते.

कायदा आड येतो का?

येतो. ओहायोत हरणासाठी सरळ भिंतीचीच रायफल काडतुसे चालतात. .३०-३० चा आकार बाटलीसारखा, पुढे निमुळता, त्यामुळे ते तिथे बाद ठरते; .४४ मॅग्नम आणि .४५-७० चालतात. अशाच नियमांचा विचार करून रेमिंग्टनने २०२३ मध्ये .३०-३० च्याच कवचावर बेतलेले, सरळ भिंतीचे .३६० बकहॅमर आणले.

मग निवड कशी करावी?

आधी राज्याचा नियम पाहावा, मग आपल्या जंगलात हरीण किती अंतरावर दिसते ते. त्यानंतर खांद्याला झेपेल तेच काडतूस घ्यावे आणि हंगामाआधी त्यावर भरपूर सराव करावा. हृदय आणि फुप्फुसांच्या जागी नेमकी बसलेली .३०-३० ची गोळी, पोटात बसलेल्या .४५-७० पेक्षा हरणाला कितीतरी लवकर संपवते. आणि अंतर आपल्या सरावाबाहेरचे असेल, तर चाप न ओढणे हेच योग्य.