फाटकाबाहेरची व्हीलचेअर

तालुक्याच्या कुठल्याही सरकारी रुग्णालयाचं फाटक डोळ्यांसमोर आणा. पावसाळ्यातली दुपार आहे. बाहेर वडापावची गाडी, दोन रिक्षा, जीप भरायची वाट पाहणारी माणसं आणि त्यांच्या शेजारी झाडाखाली एक रिकामी व्हीलचेअर. बसायच्या जागी पावसाचं पाणी साठलंय. सकाळी कुणीतरी पायाला प्लास्टर घातलेल्या रुग्णाला तिच्यावर बसवून रिक्षापर्यंत आणलं. रिक्षा गेली, खुर्ची तिथंच राहिली.

त्याच वेळी आत, अपघात विभागाच्या दारात, शेणव्याच्या पलीकडच्या एखाद्या पाड्यावरून साप चावलेला माणूस आलेला असतो. पाड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत झोळीतून, तिथून पुढं जीपमधून. जीपमधून उतरवताना नातेवाईक विचारतात, "मामा, खुर्ची कुठंय?" मामा या कोपऱ्यात बघतात, त्या कोपऱ्यात बघतात. शेवटी दोघं जण रुग्णाच्या काखेत हात घालून त्याला चालवत आत नेतात. इतक्या लांबून झोळीत जपून आणलेला माणूस शेवटची पन्नास पावलं स्वतःच्या पायांनी चालतो.

हे चित्र एका गावाचं किंवा एका रुग्णालयाचं नाही. फाटकाबाहेर राहिलेल्या त्या खुर्चीकडे आपण फार तर बेशिस्त म्हणून पाहतो. खरं तर तो उपचाराचाच प्रश्न आहे.

पन्नास पावलांची किंमत

शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात भातलावणीपासून कापणीपर्यंत सर्पदंशाचे रुग्ण येत राहतात. नाग आणि मण्यार यांचं विष नसांवर परिणाम करतं, तर घोणस आणि फुरसं यांचं विष रक्त गोठण्याची क्रिया बिघडवतं. परिणाम वेगळे असले तरी चावलेल्या जागेपासून शरीरात पसरताना विष बऱ्याच अंशी लसीका वाहिन्यांचा मार्ग घेतं. या बारीक वाहिन्यांना हृदयासारखा पंप नसतो. त्यांतला द्रव पुढं सरकायला स्नायूंच्या हालचालीची मोठी मदत होते. म्हणजे पायाला साप चावलेला माणूस चालला, की त्याचीच पोटरी विष वर ढकलायला मदत करते. म्हणून रुग्णाला धावू देऊ नका, चालू देऊ नका, चावलेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडाला बांधतात तसा फळीला बांधून स्थिर ठेवा, असं डॉक्टर सांगतात. दोरीनं घट्ट आवळणं, ब्लेडनं चिरणं, तोंडानं चोखणं यांतलं काहीही करायचं नसतं.

हृदयविकाराच्या झटक्यातही तसंच. हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा अडलेला असतो. अशा वेळी चालणं किंवा जिना चढणं म्हणजे उपाशी बैलाला नांगराला जुंपणं. खुब्याचं हाड मोडलेली म्हातारी, बाळंतपणानंतर जास्त रक्त गेलेली बाई, दम लागलेला दमेकरी, चक्कर येणारा रुग्ण यांच्यासाठीही दारापासून खाटेपर्यंतचं अंतर चाकांवरूनच कापायला हवं. अपघातात मानेला किंवा पाठीला मार बसला असेल, तर व्हीलचेअरही चालत नाही, स्ट्रेचरच लागतं. अशा माणसाला हातापायांना धरून उचललं, तर मणक्यातल्या मज्जारज्जूला कायमची इजा होऊ शकते.

म्हणजे चाकाची खुर्ची ही सलाईन किंवा ऑक्सिजनसारखीच उपचारातली वस्तू आहे. ती जागेवर नसेल, तर एक उपचार जागेवर नाही असंच समजायचं.

दुकानातली ट्रॉली रस्त्यावर

एकानं वापरायची, जिथून घेतली तिथं परत ठेवायची आणि मग दुसऱ्यानं घ्यायची, अशा वस्तूंचं जगभर सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे मोठ्या दुकानातली ट्रॉली. शेणव्याच्या बाजारातून किराणा आजही पिशवीतूनच घरी जातो. पण कल्याण-ठाण्याला खरेदीला गेलेल्या घरांना ट्रॉली नवी राहिलेली नाही. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटी शहरात सिल्व्हन गोल्डमन या दुकानदारानं 1937 मध्ये ती पहिल्यांदा आणली. घडीच्या खुर्चीवरून त्याला ही कल्पना सुचली होती. सुरुवातीला लोक तिला हात लावेनात. मग त्यानं ट्रॉली ढकलत खरेदी करण्याचं नाटक करायला माणसं पगारावर ठेवली. त्यांना बघून बाकीचे गिऱ्हाईकही ट्रॉली घेऊ लागले. एकानं केलं की दुसरा करतो, हे त्या दुकानदारानं नेमकं ओळखलं होतं.

आपल्याकडे दुकानाच्या दारात बिल तपासणारा माणूस असतो, ट्रॉली फार तर गाड्यांच्या तळापर्यंत जाते. अमेरिकेत आणि युरोपात ती थेट रस्त्यावर जाते. मुलाकडे न्यू जर्सीला किंवा कॅलिफोर्नियाला गेलेल्या आजी-आजोबांना बसथांब्याजवळ किंवा पदपथावर अशी ओसाड ट्रॉली दिसली, की नवल वाटतं. ती तिथं येते कशी? बहुतेक वेळा ज्याच्याकडे मोटार नाही, त्यानं आठवड्याचं सामान तिच्यातून घरी नेलेलं असतं. ओझं खरं असतं, अंतरही खरं असतं. पण रिकामी ट्रॉली परत न्यायची, तर तेवढंच अंतर पुन्हा तुडवावं लागतं. मग ती वाटेतच सोडली जाते. त्या पदपथावरून येणाऱ्या अंध माणसाला किंवा व्हीलचेअरवरच्या माणसाला तिच्यामुळं गाड्यांच्या रस्त्यावर उतरावं लागतं. एकाची सोय दुसऱ्याच्या जिवावर येते ती अशी.

चार ट्रॉल्यांचा प्रयोग

सोडून दिलेली ट्रॉली नुसती जागा अडवत नाही, ती बघणाऱ्याचं वागणंही बदलते. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठाच्या संशोधकांनी हे मोजून पाहिलं. 2008 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्यांचे प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यांतला एक सुपरमार्केटजवळच्या गाड्यांच्या तळावर केलेला होता. ट्रॉल्या परत ठेवाव्यात, अशी पाटी तिथं लावली होती. गाड्यांच्या काचेवर एकेक जाहिरातीचा कागद अडकवला होता आणि कचऱ्याचा डबा मुद्दाम ठेवला नव्हता. तळावर एकही ट्रॉली इकडेतिकडे पडलेली नसताना 30 टक्के लोकांनी तो कागद खाली टाकला. मग संशोधकांनी चार ट्रॉल्या अस्ताव्यस्त सोडून ठेवल्या. आता 58 टक्के लोकांनी कागद खाली टाकला.

इथं एक गोष्ट बारकाईनं पाहायला हवी. मोडलेला नियम ट्रॉलीचा होता आणि लोकांनी मोडला तो कचऱ्याचा. म्हणजे इथं शिस्त नाही एवढं डोळ्यांना दिसलं, की माणूस दुसरे नियमही सैल धरतो. बहुतेकांना हे आपण करतोय, याची जाणीवसुद्धा नसते.

रुग्णालयात याचा अर्थ गंभीर होतो, कारण तिथले कितीतरी उपचार नियमांवर उभे असतात. खोकताना तोंडावर रुमाल धरणं, भिंतीच्या कोपऱ्यात न थुंकणं, वापरलेला कापूस ठरलेल्या डब्यातच टाकणं, भेटायला येताना गर्दी न करणं, हात धुणं. फाटकात पाणी साठलेली खुर्ची बघत आत आलेला माणूस हे सगळे नियम किती मनावर घेईल? उलट, खुर्च्या रांगेत लावलेल्या दिसल्या तर इथं कुणीतरी लक्ष ठेवतंय, हे त्याला न सांगता कळतं.

ती परत का येत नाही?

लोकांना जाणीवच नाही, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण रुग्णाबरोबर एकटीच आलेली बायको किंवा सून काय करते ते पाहा. नवऱ्याला खुर्चीवरून फाटकापर्यंत आणलं, हात देऊन जीपमध्ये बसवलं. आता खुर्ची आत नेऊन ठेवायची, तर रुग्ण एकटा राहतो, औषधांची पिशवी एकटी राहते आणि जीपवाला हॉर्न वाजवतो. ही जीप चुकली, तर पुढची कधी भरेल याचा नेम नाही. डोळखांबकडं किंवा किन्हवलीकडं जाणाऱ्याला शेवटची एसटी गाठायची असते. अशा वेळी ती खुर्ची झाडाखाली लावून जाते. तिच्या जागी दुसरं कुणी असतं, तर त्यानंही बहुधा तेच केलं असतं.

परदेशातल्या दुकानदारांनी हे ओळखलं आणि नुसत्या उपदेशावर विसंबायचं सोडलं. अनेक दुकानांनी गाड्यांच्या तळावरच ठिकठिकाणी कठडे घालून ट्रॉली ठेवायची जागा केली. त्यामुळं परत करायचं अंतर दहा-वीस पावलांवर आलं. युरोपात ट्रॉलीच्या कुलपात नाणं टाकलं की ती सुटते आणि जागेवर लावली की नाणं परत मिळतं. काही ठिकाणी हद्दीबाहेर जाताच चाक आपोआप अडकतं. यांतला एकही उपाय माणसाला चांगलं वागायला शिकवत नाही. चांगलं वागणं तेवढं सोपं करून ठेवतो.

गावकीची भांडी कशी परत येतात?

त्यासाठी युरोपात जायचीही गरज नाही. आपल्या गावांत लग्नकार्याला गावकीची भांडी दिली जातात. मोठी पातेली, टोप, पराती, डाव, पाण्याचे पिंप. शे-दोनशे माणसांची पंगत उठते, दोन दिवस घरात गडबड असते, तरी भांडी मोजून परत येतात. हरवलंच, तर भरून द्यावं लागतं. गावातली माणसं रुग्णालयात आल्यावर लगेच बेजबाबदार होतात, असं थोडंच आहे? फरक व्यवस्थेत आहे. भांड्यांना ठेवायची ठरलेली जागा असते. कुणी नेली, याची वहीत नोंद असते. परत आल्यावर मोजून घेणारा माणूस असतो.

व्हीलचेअरला बऱ्याचदा या तिन्ही गोष्टी नसतात. ती कुठल्या विभागाची, हे तिच्यावर लिहिलेलं नसतं. कुणी नेली, हे कुणी टिपत नाही. संध्याकाळी मोजायचं काम कुणाच्याच वाट्याला दिलेलं नसतं.

करता येईल असं काही

पहिली गोष्ट, फाटकाजवळ पत्र्याच्या छपराखाली खुर्च्या ठेवायची जागा आखावी. 'खुर्ची इथं ठेवा' एवढी मोठ्या अक्षरांतली पाटी पुरे. रुग्णाला गाडीत बसवून दहा पावलांवर खुर्ची लावणं एकट्या बाईलाही जमतं. ठरावीक वेळानं एका कर्मचाऱ्यानं तिथल्या खुर्च्या आत आणायच्या.

दुसरी, खुर्चीच्या पाठीवर रंगानं क्रमांक आणि विभागाचं नाव घालावं. नेणाऱ्याचं नाव आणि गाव वहीत लिहून घ्यावं. अनामत रक्कम मात्र मागू नये आणि अपघात विभागात आलेल्या रुग्णाला तर नोंदीसाठीही थांबवू नये. आधी खुर्ची, मग वही. नाण्याची युक्ती दुकानात चालते. रुग्णालयात ती सर्वांत गरीब माणसाला आडवी येईल.

तिसरी, प्रत्येक पाळी बदलताना खुर्च्या आणि स्ट्रेचर मोजावेत. ऑक्सिजनचे सिलिंडर मोजतात, तसेच. एक खुर्ची कायम अपघात विभागाच्या दारातच राहील आणि ती फाटकाकडे जाणार नाही, एवढं पक्कं ठरवलं, तरी रात्री-अपरात्री येणाऱ्या रुग्णाचा प्रश्न बराच सुटतो.

चौथी गोष्ट नातेवाइकांनी करायची. रुग्ण बसताना आणि उठताना खुर्चीचे दोन्ही ब्रेक लावा. पाय ठेवायच्या पट्ट्या आधी वर दुमडा. त्यांच्यावर उभं राहिलं, तर खुर्ची पुढं कलंडते. उतारावरून खाली येताना खुर्ची उलटी फिरवा, म्हणजे रुग्णाची पाठ उताराकडे राहील आणि तो पुढं घसरणार नाही. उतारावर रिकामी खुर्चीही सोडू नका. रक्त किंवा उलटी सांडली असेल, तर कर्मचाऱ्यांना सांगा, म्हणजे पुढचा रुग्ण बसण्याआधी ती जंतुनाशकानं पुसली जाईल. आणि लहान मुलांना तिच्यावर खेळू देऊ नका.

ट्रॉलीत मूल बसवताना

खेळण्यावरून आणखी एक गोष्ट. मोठ्या दुकानात गेलं की मुलं ट्रॉलीत बसायचा हट्ट धरतात. अमेरिकेत 1990 ते 2011 या काळात पंधरा वर्षांखालच्या सुमारे 5 लाख 30 हजार मुलांवर ट्रॉलीमुळं झालेल्या इजांसाठी आपत्कालीन विभागात उपचार झाले, असा अंदाज एका अभ्यासात मांडला आहे. म्हणजे रोज सरासरी 66 मुलं. त्यांतल्या सुमारे 70 टक्के इजा पडल्यामुळं झाल्या आणि सुमारे 78 टक्के मुलांना मार डोक्याला बसला होता. ट्रॉलीत वजन वरच्या बाजूला असलं, की ती सहज उलटते.

म्हणून मुलाला सामानाच्या जाळीत उभं करू नये, कडेला लटकू देऊ नये. बसवायची जागा आणि पट्टा असेल, तरच बसवावं आणि बाजूला उभं राहावं. कच्चं चिकन किंवा मटण घेतलं असेल, तर ते बाळापासून दूर ठेवावं. अशा पिशव्यांशेजारी ट्रॉलीत बसलेल्या तान्ह्या मुलांना साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर या जंतूंचा संसर्ग होण्याचा धोका जास्त असल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. घरी आल्यावर सगळ्यांचे हात साबणानं धुवावेत.

आता पुन्हा फाटकावर येऊ. रुग्णालयातून बरा होऊन निघालेला माणूस गाडीत बसतो, तेव्हा त्याची खुर्ची रिकामी होते. वाटेत कुणीतरी झोळीतून तिच्याकडेच येत असतो. तो कोण, कुठल्या पाड्यावरचा, हे आपल्याला माहीत नसतं. कदाचित आपल्याच गावचा असेल. खुर्ची दारात लावायला दोन मिनिटं लागतात. तेवढ्यानं त्याची पन्नास पावलं वाचतात.