महंतांचा विनय

रहस्यकथेतील खलपुरुष म्हटला, की क्रूर नजर, कर्कश हास्य आणि मनात धुमसणारा सूड असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु याहून भयंकर खलपुरुष मराठी कथेला दिला तो आपल्याच मातीतल्या एका लेखकाने. जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) यांचे बालपण व शिक्षण बेळगावचे. पुढे अनेक वर्षे त्यांनी धारवाडला इंग्रजीचे अध्यापन केले. त्यांच्या 'पिंगळावेळ' (१९७७) या संग्रहात 'स्वामी' ही कथा आहे. तीतील महंत हा तो खलपुरुष होय.

कथानक थोडक्यात असे. प्रवासात अडकलेला एक सामान्य गृहस्थ अनोळखी ठिकाणी महंतांच्या आतिथ्याचा स्वीकार करतो आणि मठाच्या पोटातील एका बंदिस्त खोलीत कायमचा कोंडला जातो. मठाला स्वामी हवा असतो, आणि तो मान याच्या वाट्याला येतो! खाण्यापिण्याची ददात नाही. नाही ती केवळ बाहेर जाण्याची मुभा.

आपल्या सीमाभागात मठ ही काही अपरिचित वस्तू नव्हे. अवेळी आलेल्या वाटसरूस तेथे प्रसाद मिळतो, पाठ टेकण्यास जागा मिळते. म्हणूनच त्या गृहस्थाला संशय येत नाही, आणि वाचकालाही येत नाही. सापळा रचला जातो तो आपल्या श्रद्धेतूनच.

एडगर ॲलन पो यांच्या १८४६ सालच्या 'द कास्क ऑफ अमोन्टिलाडो' या प्रसिद्ध कथेतही एक माणूस दुसऱ्याला गोड बोलून तळघरात नेतो व भिंतीआड चिणतो. पण तेथे निदान अपमानाचा सूड आहे. महंतांजवळ सूड नाही, लोभ नाही, रागही नाही. ज्याला राग येतो त्याची समजूत घालता येते, लोभ्याला पैसा देता येतो. परंतु आपण समोरच्याचे कल्याणच करीत आहोत असे ज्याला मनापासून वाटते, त्याच्यापुढे विनवणी कशाच्या बळावर करावी? महंतांच्या स्वभावाचे मर्म येथे आहे. समोरचा मनुष्य त्यांच्या लेखी मनुष्यच नाही. रिकाम्या गादीवर बसवावयाची ती एक मूर्ती आहे. बंदिवानालाच 'स्वामी', म्हणजे मालक, म्हणावयाचे, यातील उपरोध किती जीवघेणा आहे!

ही कथा मिटल्यावरही मनातून जात नाही, याचे कारण महंत केवळ मठातच राहत नाहीत. "तुझ्या भल्यासाठीच" असे म्हणून मुलाचे शिक्षण, मुलीचे लग्न, सुनेचे माहेरी जाणे आपणच ठरवून टाकतो. त्यांना अन्नवस्त्र देतो, मानही देतो, आणि दार मात्र बाहेरून लावून घेतो. आवाज चढत नाही, म्हणून तो जुलूम कोणाच्या लक्षात येत नाही. वडीलधाऱ्यांनी क्षणभर स्वतःकडे पाहावे, असे हे पात्र आहे.

कथेच्या अखेरीस त्या अंधाऱ्या खोलीतून एक वेल वर प्रकाशाकडे चढू लागते. महंतांनी सर्व व्यवस्था केली होती. पण जिवाला उजेडाची ओढ असते, ही एक गोष्ट त्यांच्या हिशेबात नव्हती. आपल्या घरातील अशी एखादी वेल आपण ओळखली, तर ही कथा वाचल्याचे सार्थक होईल.