संपीडन चिकित्सा

सुजलेल्या हातापायांवर बाहेरून मोजका दाब देऊन ऊतकांत साचलेला द्रव नीला व लसीका वाहिन्यांकडे परतविण्याच्या उपचारास संपीडन चिकित्सा म्हणतात. नीलांचे विकार, हत्तीरोग, अस्थिभंग, तसेच स्तनाच्या कर्करोगात काखेतील लसीका ग्रंथी काढल्यावर हाताला येणारी सूज यांत पुनर्वसनाचा भाग म्हणून ती योजतात.

पायावरील दाब घोट्याशी सर्वाधिक असून वर कमी होत जावा लागतो. नीलाविकारात तो घोट्याशी बहुधा ३०–४० मिमी. पारा इतका ठेवतात. पट्टी सारख्या ताणाने गुंडाळली, तरी बारीक घोट्यावर दाब जास्त व जाड पोटरीवर कमी पडतो. पोटरी आवळून घोटा सैल ठेवल्यास मात्र द्रव खालीच अडकतो. कमी ताणली जाणारी पट्टी बांधून चालल्यास पोटरीचे स्नायू तिच्यावर दाबले जाऊन पंपासारखे कार्य करतात. नुसते बसून राहिल्यास हा लाभ मिळत नाही.

पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्या असल्यास हाच दाब ऊतकमृत्यूस कारणीभूत होतो. म्हणून घोटा व दंड येथील रक्तदाबांचे गुणोत्तर आधी पाहतात, ते ०.५ पेक्षा कमी असल्यास पट्टी बांधीत नाहीत. मधुमेही रुग्णात रोहिण्या कठीण झाल्याने हे गुणोत्तर फसवे निघू शकते आणि संवेदना गेल्याने पट्टीचा काचही त्यास कळत नाही.

ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदरसारख्या दमट किनारी शहरात घट्ट मोजे दिवसभर वापरणे जिकिरीचे असते. घामाने बोटांच्या बेचक्यांत बुरशी वाढते व भेगांतून जंतुसंसर्ग होऊन सूज बळावते. यास्तव पाय रोज धुऊन कोरडा करतात आणि मोजे सकाळी सूज चढण्यापूर्वीच चढवितात.