चाळीस मिनिटांचं घड्याळ
(पहिलं वर्ष : लेखांक 11)

भाचीच्या दाराच्या बेलवर दोन महिन्यांपासून एक कागद चिकटवलेला आहे : ‘बाळ झोपलंय, बेल वाजवू नये.’ कुरिअरवाला तो नीट वाचतो आणि मग बेल वाजवतो. गेल्या मंगळवारी मात्र बेल वाजली नव्हती, कुकर बंद होता, वरच्या मजल्यावरचं फरशी कापायचं मशीनही गप्प होतं. तरी साडेपाच महिन्यांच्या त्या गड्याने बरोबर चाळीस मिनिटांनी डोळे उघडले आणि भोकाड पसरलं. भाचीचा फोन आला, “मावशी, ह्याला घड्याळ कळतं का गं?”

कळतं. आजचा लेख त्या घड्याळाबद्दलच आहे.

रात्रीच्या झोपेविषयी गेल्या आठवड्यात लिहिलं, तेव्हाच दिवसाची झोप बाजूला ठेवली होती, कारण तिचं गणित वेगळं आहे. झोप दोन वाटांनी येते. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं आणि डोळे जड होतात, ही एक वाट. शरीरातलं दिवस-रात्रीचं घड्याळ, ही दुसरी. झ्युरिकच्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी 1982 मध्ये ही मांडणी केली आणि झोपेचा अभ्यास करणारे अजून तीच धरून चालतात. रात्री दोघं मिळून बाळाला झोपेकडे ओढतात. सकाळी साडेदहाला मात्र सगळं ओझं एकट्या थकव्यावर पडतं. घड्याळ तर उलट ‘जागा राहा’ म्हणत असतं. म्हणून रात्री गुपचूप झोपणारं बाळ दुपारी त्याच पाळण्यात अर्धा तास झुंजायला लावतं.

आता ती चाळीस मिनिटं. 1950 च्या आसपास शिकागो विद्यापीठात यूजीन ॲझरिन्स्की नावाचा एक विद्यार्थी झोपलेल्या तान्ह्या बाळांच्या पापण्यांची हालचाल तासन्‌तास न्याहाळत बसायचा. असलं कंटाळवाणं काम एखाद्या आजीनेच करावं. पण त्यातून पुढे मोठ्यांच्या झोपेतली, बुबुळं भराभरा फिरवणारी अवस्था सापडली. ॲझरिन्स्की आणि त्याचे गुरू नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी 1953 मध्ये ती जगापुढे ठेवली. दोन वर्षांनी त्यांनी बाळांवरचा निबंध छापला. बाळाच्या झोपेत हालचाल आणि स्वस्थता आळीपाळीने येतात, आणि अशी एक फेरी साधारण 50 ते 60 मिनिटांत पुरी होते, असं त्यात दिसलं. मोठ्यांची फेरी दीड तासाच्या आसपास असते. फेरी संपत आली की झोप पातळ होते. तशी ती आपलीही होते, पण आपण कूस बदलतो, पांघरूण ओढतो आणि सकाळी काहीच आठवत नाही.

बाळाची अडचण अशी, की झोप लागली तेव्हा ते आईच्या मांडीवर होतं, पाय हलत होता, कानाशी गुणगुण चालली होती. झोप पातळ झाल्यावर डोळे किलकिले करून बघतं तर मांडी नाही, गुणगुण नाही, वर पंखा. तुम्ही बिछान्यावर झोपलात आणि जाग आली ती ओट्यावर, तर तुम्हीही ओरडाल. रात्री थकवा इतका साचलेला असतो की बाळ यातून पार होतं. दिवसा तो पहिल्या फेरीतच बराचसा फिटलेला असतो.

म्हणून दिवसा बाळाला कसं झोपवलं यापेक्षा झोप लागायच्या क्षणी ते कुठे होतं, याला जास्त महत्त्व आहे. मांडीवर पूर्ण झोपवून मग हळूच उतरवायचं, ही आपली पद्धत. तिच्याऐवजी पापण्या जड झाल्या आहेत पण मिटलेल्या नाहीत, अशा वेळी बाळाला जागेवर ठेवायचं. चार महिन्यांच्या आधी याचा हट्ट धरू नये. त्या वयात मांडी, कडेवरची फेरी, झोका सगळं चालतं.

लहान बाळाला उतरवायचंच असेल, तर जपानच्या रिकेन संस्थेतल्या कुमी कुरोदा यांच्या गटाचं 2022 मधलं काम उपयोगी आहे. रडणाऱ्या बाळाला कडेवर घेऊन पाच मिनिटं एका लयीत चालायचं. ते झोपलं की लगेच न ठेवता पाच ते आठ मिनिटं घेऊन बसायचं आणि मग उतरवायचं. पाहिलेली बाळं थोडीच होती, पण त्यातली एक बारीक गोष्ट मला फार पटली : बाळाच्या हृदयाची गती बदलते ती पाठ गादीला टेकल्यावर नव्हे, आपल्या अंगापासून ते सुटू लागतं तेव्हा. म्हणजे गादी ऊबदार करण्याच्या खटाटोपापेक्षा ठेवल्यावरही छातीवर हात दाबून ठेवण्याला जास्त अर्थ आहे. आपल्या आज्या हे न मोजता करत होत्या.

भाचीला मी सांगितलं, सगळ्या झोपांवर एकदम चढाई करू नकोस. सकाळची पहिली झोप धर, ती त्यातल्या त्यात सोपी. ह्या वयाचं बाळ साधारण दोन तास जागं राहिलं की झोपेला येतं. हा आकडा अनुभवाचा आहे, शास्त्राचा नव्हे, तेव्हा मोबाइलवर गजर लावू नये. नजर एका जागी थिजते, खेळण्यावरून मन उडतं, कान ओढणं सुरू होतं, ती वेळ. मोठ्याने रडू लागल्यावर फार उशीर झालेला असतो. पडदे ओढायचे, दुपटं बदलायचं, रोजची तीच दोन गाणी म्हणायची आणि ठेवायचं. आठवडाभर झोका न देता नुसतं थापटायचं. मग थापटणं मंद करत नुसता हात. मग हातही काढून शेजारी बसणं. एखाद्या दिवशी एक पायरी मागे जावं लागतं, जावं.

यात खरी परीक्षा बाळाची नसते, घराची असते. बाळ कुरकुरलं की आतल्या खोलीतून सासूबाई, बाहेरून सासरे आणि फोनवरून बाळाचे बाबा, तिघंही एकदम विचारतात, “का रडतंय ते?” कुरकुर आणि रडणं यांत फरक आहे. चढत-उतरत येणारी, मध्ये थांबून कानोसा घेणारी कुरकुर एक-दोन मिनिटं ऐकून घ्यावी. पुष्कळदा तीच झोपेत विरघळते. न थांबता वर चढत जाणारं रडणं असेल तर उचलावं, आणि त्यात हरल्यासारखं वाटून घेऊ नये.

झोळीबद्दल पत्रं बरीच आली आहेत. झोळीत बाळ चटकन झोपतं हे खरं. पण तिच्यात अंगाची कमान होऊन हनुवटी छातीला टेकू शकते आणि श्वासाची वाट चिंबते. म्हणून बाळ झोळीत झोपलं तर कोणीतरी समोर असावं आणि झोप लागल्यावर सपाट जागी उताणं ठेवावं. डोक्याला आकार यावा म्हणून ठेवतात ती मोहरीची उशी वर्षभर तरी काढून ठेवा. वर्षाच्या आतल्या बाळाला कुठलीच उशी नको.

आणि जायफळ. ‘सहाणेवर दोन वेढे, दुपार निवांत’ हा सल्ला मला अजून महिन्यातून एकदा तरी ऐकू येतो. देऊ नका. झोप आणण्यासाठी बाळाच्या तोंडात काही घालायची आपली खोड जुनी आहे. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या बायका तान्ह्याला अफूची ‘बाळागोळी’ देत, हे त्या काळच्या अहवालांत नोंदलेलं आहे. आई दिवसभर गिरणीत, मूल खोलीवर. ते निजून राहिलं तरच तिचा रोज टिकायचा. तिला दोष देणं सोपं आहे. आज पाळणाघरात बाळ सोडून लोकल पकडणाऱ्या आईला ती जास्त चांगली कळेल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनात 4 ते 11 महिन्यांच्या बाळाला दिवसातल्या झोपा धरून 12 ते 16 तास झोप सांगितली आहे. चार तासांची ही मोकळीक विसरू नका. काही बाळं पाच-सहा महिन्यांपर्यंत तुकड्यातुकड्यानेच झोपतात, आणि उठून हसत असतील, दूध नीट पीत असतील, वजन वाढत असेल, तर त्यांना ते पुरतंय.

परवा भाचीचा मेसेज आला : ‘आज एक तास दहा मिनिटं. चाळिसाव्या मिनिटाला उठला, मूठ चोखली, परत झोपला. मी दारात उभी होते, चहा गार झाला.’ त्याखाली दुसरा : ‘दुपारी परत पस्तीस.’

पुढच्या आठवड्यात उष्टावण.