वैमानिकांचा हवामान नकाशा ठाणे-डोंबिवलीकरांच्याही कामाचा!

हवामानाची आवड असेल तर 'विंडी' हा मोफत ऑनलाइन नकाशा वापराच. चेक उद्योजक आणि वैमानिक इवो लुकाचोविच यांनी तो 2014 मध्ये सुरू केला. तेव्हा त्यावर मुख्यतः वारा दिसायचा. आता त्यात काय काय आलंय बघा:

✈️ विमानतळाच्या खुणेवर क्लिक केलं की 'मेटार', म्हणजे तिथलं प्रत्यक्ष हवामान कळतं. मुंबईचा अहवाल दर अर्ध्या तासाने निघतो. त्यात 27012KT दिसलं तर वारा पश्चिमेकडून (270 अंश), वेग 12 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 22 किमी. पुढे 3000 असेल तर दृश्यमानता 3 किमी.

☁️ ढगांचा पाया, ढगांची उंची आणि वेगवेगळ्या पातळ्यांवरचा वारा पाहता येतो.

🌧️ युरोपीय मॉडेलचा सुमारे 9 किमी जाळीचा अंदाजही आहे.

पण डोंबिवली ते कल्याण रेल्वेने जेमतेम 6 किमी! म्हणून 'कल्याणला पाऊस, डोंबिवली कोरडी' हा फरक मॉडेलकडून अपेक्षित धरू नका. पुढच्या तासा-दोन तासांसाठी हवामान विभागाच्या कुलाबा आणि वेरावली इथल्या डॉप्लर रडारची चित्रं बघा. वेरावलीचं रडार जानेवारी 2022 पासून सुरू आहे.

एक विनंती: नकाशावरचा लाल पट्टा पाहून लगेच 'ढगफुटी' असे मेसेज फॉरवर्ड करू नका. इशारा हवामान विभागाचाच ग्राह्य धरा.