अंगणातला तेलाचा डाग

मुदखेडला आमच्या अक्काच्या दारात एक मारुती ८०० उभी असते. १९९८ सालचे मॉडेल, काट्यावर दोन लाख किलोमीटरच्या वर. आमचे दाजी रेल्वेत गँगमन होते. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी ही गाडी सेकंडहँड घेतली. तेव्हा हौस होती, आता गरज आहे. अक्काला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी नांदेडला न्यावे लागते. मुदखेड जंक्शन आहे, रेल्वेगाड्या आहेत. पण चार तास मशीनवर काढून आलेल्या बाईला फलाटावर किती वेळ बसवून ठेवायचे? म्हणून ही गाडी चालली पाहिजे. नोंदणीची पंधरा वर्षे २०१३ साली संपली, त्यानंतर २०१८ आणि २०२३ साली तिचे नूतनीकरणही करून घेतले.

गेल्या उन्हाळ्यात अक्काच्या सुनेला अंगण झाडताना गाडीखाली काळा डाग दिसला. आठ दिवसांत तो ताटाएवढा झाला. आमच्या भाच्याने गाडी नांदेडच्या एका गॅरेजला दाखवली. तिथल्या माणसाने वाकून खाली पाहिले आणि निकाल दिला, "मागचे ऑईल सील गेले. गिअरबॉक्स उतरावा लागेल. एवढी चाललेली गाडी आहे, इंजिनही खोलून घ्या." खर्चाचा आकडा पाच आकडी होता. भाच्याचा फोन आला, "मामा, गाडी विकून टाकू का?"

आम्ही त्याला दोन दिवस थांबायला सांगितले. या दोन दिवसांत जे कळले ते जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येक घराला उपयोगी आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहोत.

मुदखेडला एक वयस्कर मेकॅनिक आहेत. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांनी खाली पाहिलेच नाही, बॉनेट उघडायला लावले. म्हणाले, "नीचे क्या देखते, ऊपर देखो." सगळी मेख या एका वाक्यात आहे. तेल गळते एका जागेतून आणि टपकते दुसऱ्या जागेतून. ते इंजिनच्या अंगावरून ओघळत येते, वाटेत धूळ धरते, पंख्याच्या वाऱ्याने मागे सरकते आणि सर्वांत खालच्या कडेवरून पडते. छपराची गळती जशी कौलातून येते आणि भिंतीवर दिसते, तसेच हे.

तेव्हा पहिले काम धुण्याचे. इंजिन गार असताना ब्रशने थोडे डिझेल लावून सगळा चिखल काढला, कोरड्या फडक्याने पुसले. उस्तादांनी अक्काच्या घरातलीच अंगाला लावायची पावडर मागवली आणि संशयाच्या जागी भुरभुरली. गाडी दहा-पंधरा मिनिटे फिरवून आणली. पावडरीवर ओली रेघ उमटली ती वरून, डिस्ट्रिब्युटरच्या बुडापासून. या जुन्या कार्बोरेटरच्या मॉडेलात डिस्ट्रिब्युटर गिअरबॉक्सच्या बाजूला, हेडच्या टोकाला बसतो. त्याच्या बुडाशी रबराची एक रिंग असते. ती वाळून कडक झाली की तेल झिरपते, गिअरबॉक्सवर उतरते आणि नेमके इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यातून टपकते. खालून पाहणाऱ्याला वाटते, मागचे सील गेले!

टॅपेट कव्हरचे पॅकिंगही पापडासारखे झाले होते. पण उस्तादांचे खरे लक्ष होते ब्रीदरच्या पाइपाकडे. इंजिन जुने झाले की पिस्टनच्या रिंगा झिजतात आणि जळलेला वायू थोडा थोडा खाली चेंबरमध्ये उतरतो. तो बाहेर पडायला टॅपेट कव्हरपासून एअर फिल्टरपर्यंत एक नळी दिलेली असते. तिच्यात काळा मळ साठला की वायू कोंडतो, दाब वाढतो आणि तो दाब तेलाला प्रत्येक दुबळ्या सांध्यातून बाहेर ढकलतो. अशा वेळी शंभर सिले बदला, गळती पुन्हा होणार. आमच्या गाडीची नळी निम्म्याहून अधिक बुजलेली निघाली. इंजिन चालू ठेवून त्यांनी तेल भरायचे झाकणही काढून पाहिले. थोडी फुंकर येते, ती चालते. धुराड्यासारखा झोत आला असता किंवा सायलेन्सरमधून निळा धूर निघाला असता, तर रिंगांचे काम होते आणि खर्च टळला नसता. तसे काही नव्हते.

नळी साफ झाली, रिंग आणि पॅकिंग नवे बसले. पॅकिंग बसवताना जुन्याचे कण खरवडून दोन्ही बाजू स्वच्छ कराव्या लागतात, नट थोडे थोडे आलटून पालटून आवळावे लागतात. जोर लावून आवळले की गळती थांबते, हा मोठा गैरसमज आहे. जोराने पॅकिंग फाटते किंवा झाकण वाकते. पेस्टचा लपेडाही तसाच वाईट. आत सुटलेला तिचा तुकडा चेंबरमधल्या जाळीत अडकला की इंजिनला तेल मिळत नाही.

गळती बंद करणारी औषधे दुकानात मिळतात. कडक झालेले रबर ती जरा फुगवतात, त्यामुळे थोडे दिवस फरक पडतो. फाटलेल्या पॅकिंगला त्यांचा उपयोग नाही. फार जाड तेल घालून गळती लपवणेही बरे नव्हे. सकाळी गार इंजिनात ते वर चढायला वेळ लागतो.

काही वेळा मागचे सील खरोखरच जाते. मग गिअरबॉक्स उतरल्याशिवाय इलाज नाही. सील स्वस्त असते, मजुरी महाग पडते. म्हणून त्याच वेळी क्लच प्लेट पाहून घ्यावी, मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागत नाही. टायमिंग बेल्टच्या बाजूची सिले मात्र दुर्लक्षू नयेत. तेल लागलेला बेल्ट लवकर खराब होतो, आणि तो तुटला की गाडी जिथल्या तिथे उभी. आपल्या कित्येकांनी चालवलेल्या अ‍ॅम्बेसेडरची गोष्ट निराळी. तिच्या जुन्या पेट्रोल इंजिनच्या मागे रबरी सील नव्हतेच, क्रँकवरच्या आट्याच तेल परत आत ओढत. तिथे चार थेंब पडणे हा रोग नसून स्वभाव होता. २०१४ साली ती गाडी बनायची बंद झाली, तरी तिच्या नावाने "जुनी गाडी म्हणजे गळणारच" हे वाक्य टिकून आहे.

या मारुतीच्या इंजिनात तेल जेमतेम तीन लिटर बसते. त्यातले एक गेले तर काय उरले? म्हणून भाचा आता नांदेडला निघायच्या दिवशी सकाळी, गाडी सपाट जागी आणि इंजिन गार असताना, पट्टी काढून पुसतो आणि पुन्हा घालून पाहतो. वरच्या खुणेच्या वर तो तेल भरत नाही, जादा तेलही गळतीच वाढवते. रस्त्यात तेलाचा लाल दिवा लागला तर तिथेच इंजिन बंद करायचे, "पुढच्या गावापर्यंत जाऊ" म्हणायचे नाही, हे त्याला आम्ही दोनदा बजावले आहे. जळक्या तेलाचा वास आला तरी थांबावे, तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर तेल पडत असेल तर आगीची भीती असते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणी शिरू नये, हे मुलांनाही सांगून ठेवावे.

निघालेले जळके तेल सुनेने नालीत ओतू दिले नाही. डब्यात भरून उस्तादांकडे दिले, ते गोळा करणाऱ्याला देतात. हे तेल कातडीला वाईट असते. हात पेट्रोलने न धुता साबणाने धुवावेत.

एकूण खर्च नांदेडच्या अंदाजाच्या दहाव्या हिश्श्यातही आला नाही. उस्तादांनी मजुरी कमी सांगितली, भाच्याने ती वाढवून दिली. गळती पूर्ण थांबली मात्र नाही. सून रोज रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवते आणि सकाळी डाग पाहते. परवा आम्ही गेलो तेव्हा पुठ्ठ्यावर रुपयाएवढा एकच ठिपका होता. उस्तादांच्या मते तो चेंबरच्या ड्रेन बोल्टच्या वॉशरचा आहे. पुढच्या वेळी तेल बदलताना नवा वॉशर टाकायचा ठरले आहे. अक्का मागच्या सीटवर उशी घेऊन बसली होती आणि उशीर होतो म्हणून हॉर्न वाजवायला सांगत होती.