गुंजभर संशय

टी. नरसीपूरच्या देवळात नरसिंहाच्या बोटांत एक गुंज आहे. सोनार ज्या लाल-काळ्या गुंजांनी सोनं तोलायचे, तीच. काशीपेक्षा हे क्षेत्र गुंजभर जास्त पुण्याचं, असा तिचा अर्थ लावतात आणि देवालाही गुंजा नरसिंहस्वामी म्हणतात. देवळापासून थोडं पुढे कावेरी आणि कपिला एकमेकींना भेटतात. नकाशात काबिनी म्हणून छापलेली नदी ती हीच कपिला. गावाचं पूर्ण नाव तिरुमकूडलु नरसीपूर, म्हणजे तीन प्रवाहांच्या संगमाचं. डोळ्यांना मात्र नद्या दोनच दिसतात. तिसरी, स्फटिक सरोवर, ही गुप्त आहे असं मानतात. १९८९ पासून इथे दक्षिणेचा कुंभमेळा भरतो. कोविडमुळे एक पाळी चुकली, ती फेब्रुवारी २०२५ मध्ये भरून निघाली.

माझी आत्या लग्न होऊन इकडे आली त्याला पन्नास वर्षं होऊन गेली. घरातली मराठी आता निम्मी कन्नड झाली आहे, कधीकधी बोलणं कळायला मलाच क्षणभर थांबावं लागतं. तिची नात रोज बसने म्हैसूरला कॉलेजला जाते, तीसेक किलोमीटर. यंदा मी गेले तेव्हा रात्री अंथरुणं घालता घालता तिनं हळूच विचारलं, "आत्या, माझ्या फोनमध्ये कुणी बसलंय का, ते बघता येतं?"

बसलंय! मला हा शब्द फार आवडला. त्यामागची हकिकत मात्र आवडण्यासारखी नव्हती. वाटेत वरुणा गाव लागतं. तिथे ती एकदा मैत्रिणीकडे उतरली, आणि दहा मिनिटांत घरून फोन आला, "वरुणाला काय करतेस?" तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. पुढच्या महिन्यात पुन्हा तसंच. मग ती उतरेनाशी झाली.

तिनं स्वतः थोडे उपाय करून पाहिले होते. कॉलेजच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत होता की *#२१# आणि *#६२# दाबा, फोन टॅप होतोय का ते लगेच कळेल. हा मेसेज मलाही सांगली, पुणे, अमेरिका अशा तिन्ही दिशांनी आलेला आहे. त्यात तथ्य गुंजभरच. ह्या आकड्यांनी फक्त एवढं कळतं की तुमचे कॉल दुसऱ्या क्रमांकाकडे वळवले आहेत का. *#६२# दाबल्यावर एखादा अनोळखी क्रमांक दिसतो आणि माणूस घाबरतो. पण फोन बंद असताना कॉल कुठे जावा, म्हणून कंपनीनं ठेवलेला तो बहुतेक वेळा तिचाच क्रमांक असतो. कॉल वळवून फसवणूक होते हे मात्र खरं. कुरिअरवाला म्हणून कुणीतरी फोन करतो आणि *४०१* लावून पुढे एक क्रमांक दाबायला सांगतो. तो दाबला की तुमचे कॉल त्याच्याकडे, आणि कॉलवर सांगितला जाणारा ओटीपीसुद्धा त्याच्याकडे. ह्या प्रकारामुळेच दूरसंचार विभागानं १५ एप्रिल २०२४ पासून अशा आकड्यांनी कॉल वळवण्याची सोय थांबवायला कंपन्यांना सांगितलं. पण कॉल वळवल्यानं तुम्ही वरुणाला उतरलात हे कुणाला कळत नाही.

दुसरा उपाय म्हणजे तिनं 'गुप्तहेर पकडा' छापाचं एक अ‍ॅप उतरवून घेतलं होतं. त्या अ‍ॅपनं लोकेशन, माइक आणि सगळे संपर्क मागितले, आणि हिनं दिले. चोर शोधायला बोलावलेल्या माणसाच्या हातात घराच्या किल्ल्या! ते आम्ही आधी काढून टाकलं.

फोन तिनं कन्नडमध्ये ठेवलेला. मला कन्नड वाचता येत नाही, म्हणून ती वाचून दाखवायची आणि मी "पुढे जा" म्हणायची. लोकेशनला कन्नडमध्ये 'स्थळ' म्हणतात. रात्री साडेदहाला, लग्नाच्या वयाच्या मुलीच्या तोंडून "आत्या, स्थळ चालू आहे" हे ऐकून पलीकडच्या खोलीतली माझी आत्या खडबडून जागी झाली. तिला समजावण्यात पाच मिनिटं गेली.

मग मॅप्स उघडलं, वर उजवीकडच्या गोल चित्रावर बोट ठेवलं, आणि लोकेशन शेअरिंगमध्ये गेलो. तिथे एक खातं होतं. चित्राच्या जागी नुसतं एक अक्षर, आणि नाव म्हणून घरच्या दुकानाचं नाव. मुदतीच्या जागी 'तुम्ही बंद करेपर्यंत'. दुकानाचं हे खातं बिलांसाठी उघडलेलं. घरातल्या तिघा-चौघांच्या फोनवर ते चालू असतं. फोन घेतला त्या दिवशी चुलतभावानं "आण, मी सेट करून देतो" म्हणून तासभर तो हातात ठेवला होता, हे तिला आता आठवलं. अशा शेअरिंगची आठवण गूगल अधूनमधून ईमेलनं करून देतं. पण हिचं मेलचं खातं सवलतींच्या जाहिरातींनी तुडुंब भरलेलं, आणि ते उघडतं कोण!

म्हणजे फोनमध्ये कुणी शिरलं नव्हतं. दार उघडंच ठेवलेलं होतं.

माझ्या मते पाळतीचे बहुतेक प्रकार असेच असतात. जाणकार चोर लागत नाही. तुमचा पिन माहीत असलेलं, तुमच्याच पंगतीला बसणारं माणूस पुरतं. म्हणून आधी बघायचं ते खात्यांकडे. गूगल खात्याच्या सुरक्षेच्या पानावर 'तुमची डिव्हाइसेस' असतात. तिथे अनोळखी फोन किंवा विकून टाकलेला जुना लॅपटॉप दिसला, तर तिथूनच त्याला बाहेर काढता येतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये एका फोनला आणखी चार यंत्रं जोडता येतात. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एकदा क्यूआर कोड दाखवला आणि विसरलात, तर पुढची पत्रं तो कॉम्प्युटरही वाचत असतो. आयफोनवर हेच काम २०२२ पासून 'सेफ्टी चेक' करतं. कुणाला काय दिसतंय ते ते एका ठिकाणी दाखवतं, आणि वेळ आली तर एका फटक्यात सगळं तोडतं.

दुसरा प्रकार जरा जहाल. इंग्रजीत त्याला 'स्टॉकरवेअर' म्हणतात. मुलांवर लक्ष ठेवायला, नोकरांवर लक्ष ठेवायला, अशा सभ्य नावांनी ती अ‍ॅप विकली जातात आणि नवरा-बायको, प्रियकर-प्रेयसी ती एकमेकांच्या फोनवर चढवतात. त्यासाठी तुमचा उघडा फोन काही मिनिटं हातात मिळावा लागतो. चढवल्यावर चिन्ह लपतं आणि यादीत नाव 'सिस्टिम सर्व्हिस' वगैरे भारदस्त दिसतं. पण अँड्रॉइडवर अशा अ‍ॅपला काही परवानग्या घ्याव्याच लागतात आणि तिथे ते सापडतं. 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' पाहावी: दृष्टिहीनांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या अ‍ॅपसाठी ती सोय आहे, म्हणजे तिथे बसलेलं अ‍ॅप तुमच्या पडद्यावरचं सगळं वाचू शकतं. 'डिव्हाइस अ‍ॅडमिन' आणि नोटिफिकेशन वाचण्याची परवानगी कुणाला आहे, तेही पाहावं. प्ले स्टोअरमध्ये अ‍ॅप तपासणारं प्ले प्रोटेक्ट बंद असेल आणि तुम्ही ते बंद केलेलं नसेल, तर कुणीतरी केलंय. बॅटरी लवकर उतरते, फोन तापतो, ह्या खुणांवर माझा फारसा विश्वास नाही. तीन वर्षांच्या फोनची बॅटरी उतरतेच. त्यापेक्षा पडद्याच्या कोपऱ्यात उमटणारा हिरवा ठिपका बरा. अँड्रॉइड १२ पासून कॅमेरा किंवा माइक चालू असला की तो दिसतो. आयफोनवर माइकसाठी नारिंगी.

दुसऱ्या दिवशी बसमधून म्हैसूरला जाताना मी तिला पेगॅसस ह्या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरची गोष्ट सांगितली, कारण त्या गोष्टीची एक वाट वरुणाच्या परिसरातूनच जाते. दोनदा मुख्यमंत्री झालेल्या सिद्धरामय्यांचं सिद्धरामनहुंडी हे गाव वरुणा भागातलं. जुलै २०१९ मध्ये कर्नाटकातलं जनता दल आणि काँग्रेसचं सरकार कोसळलं. दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, जगभरच्या पत्रकारांनी मिळून पेगॅससच्या संभाव्य सावजांच्या पन्नास हजार क्रमांकांच्या यादीबद्दल बातम्या दिल्या. त्यात त्या सत्तांतराच्या काळातले कर्नाटकचे उपमुख्यमंत्री जी. परमेश्वर ह्यांचा क्रमांक होता, आणि तेव्हाचे मुख्यमंत्री कुमारस्वामी, तसेच सिद्धरामय्या, ह्यांच्या स्वीय सचिवांचेही होते. यादीत क्रमांक असणं म्हणजे फोनमध्ये हेर शिरला असं सिद्ध होत नाही, आणि पेगॅसस बनवणारी एनएसओ ही इस्रायली कंपनी ही यादी आपल्या गिऱ्हाइकांच्या सावजांची असल्याचं नाकारते. कंपनी म्हणते, आम्ही फक्त सरकारांना विकतो. ह्यानं कुणाला धीर यावा, हे मला कळत नाही.

मराठी माणसांना ही गोष्ट त्याआधीच कळली होती. २०१९ च्या ऑक्टोबरात व्हॉट्सअ‍ॅपनं सुमारे चौदाशे जणांना कळवलं की तुमच्या फोनवर पेगॅससचा हल्ला झाला होता. त्यात नागपूरचे वकील निहालसिंग राठोड होते, लेखक आनंद तेलतुंबडे होते. हल्ल्याचा मार्ग व्हॉट्सअ‍ॅप कॉलचा. तो उचलायचीही गरज नव्हती. मे २०१९ मध्ये ते भगदाड बुजवलं गेलं, पण पुढच्या वर्षांत दुसरी भगदाडं निघाली, काहीही न दाबता आत शिरणारी.

पुढे सर्वोच्च न्यायालयानं २७ ऑक्टोबर २०२१ ला निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन ह्यांच्या देखरेखीखाली तांत्रिक समिती नेमली. तिघा तंत्रज्ञांपैकी अश्विन गुमास्ते हे आयआयटी मुंबईचे. समितीनं २९ फोन तपासले. पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडलं, पण ते पेगॅससच आहे असं ठामपणे सांगता आलं नाही, आणि केंद्र सरकारनं सहकार्य केलं नाही, हेही समितीनं नोंदवलं. हे मुद्दाम सांगते आहे. देशातले निवडक तज्ज्ञ, हातात प्रत्यक्ष फोन, तरी उत्तर अर्धं. तेव्हा कोपऱ्यावरच्या मोबाइल दुकानात शंभर रुपयांत 'पेगॅसस चेक' करून मिळत असेल, तर शंभर रुपयांची भजी खावीत. पत्रकार, वकील, कार्यकर्ते ह्यांनी फोन सतत अद्ययावत ठेवावा, आयफोन असेल तर लॉकडाउन मोड चालू करावा, आणि अ‍ॅपलकडून इशारा आलाच तर तो जाहिरात समजून पुसू नये. ऑक्टोबर २०२३ मध्ये तसा इशारा शिवसेनेच्या ठाकरे गटाच्या तेव्हाच्या खासदार प्रियांका चतुर्वेदींसह अनेक विरोधी नेत्यांना आला होता.

"मग तिसरी नदी कोणती?" तिनं विचारलं. पाळतीचे प्रकार सांगताना मी संगमाबद्दल तिला काहीतरी बोलून गेले असणार.

तिसरी नदी टॉवरची. फोन चालू आहे तोवर जवळच्या टॉवरला तो आपण इथे आहोत हे सांगतच असतो. नाहीतर कॉल येणार कुठून? कुणाशी, कधी, कुठल्या टॉवरखालून बोललात ह्याची नोंद कंपनीकडे राहते. पोलीस तिला सीडीआर म्हणतात. २०१८ च्या सुरुवातीला ठाणे पोलिसांनी खासगी गुप्तहेरांची एक साखळीच पकडली. आरोप होता लोकांचे सीडीआर बेकायदा मिळवून विकल्याचा. गिऱ्हाइकं कोण, तर जोडीदारावर संशय असलेली माणसं. ह्यात तुमचा फोन कितीही उलटापालटा करा, काही सापडणार नाही, कारण फोनला हातच लागलेला नसतो. फोन ऐकण्याचंही तसंच. १९८८ मध्ये कर्नाटकचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे फोन टॅपिंगच्या आरोपांवरून पायउतार झाले, तेव्हा स्मार्टफोन जन्मालाही यायचे होते. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं टॅपिंगवर बंधनं घातली: गृहसचिवाचा लेखी आदेश, मुदत, फेरतपासणी. हा कागद तुमच्या हाती कधी पडत नाही, हा भाग वेगळा. ह्या बाबतीत सामान्य माणसाच्या हातात राहतं ते एवढंच की 'संचार साथी'वर आपल्या नावावर किती सिम आहेत ते पाहावं. आपण न घेतलेलं सिम तिथून कळवता येतं.

कायद्याचं तिला सांगितलं ते थोडक्यात. बाईच्या इंटरनेट, ईमेल किंवा फोनच्या वापरावर पाळत ठेवणं हा २०१३ पासून गुन्हा आहे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे, पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद. आणि एक गोष्ट दोनदा सांगितली: काही सापडलं की लगेच पुसायचं नाही. आधी पुरावा ठेवायचा, तोही दुसऱ्या कुणाच्या फोननं पडद्याचा फोटो घेऊन, कारण आपला फोन दुसरं कुणी पाहत असेल तर स्क्रीनशॉटही पाहील. जिथे मारहाणीची भीती आहे तिथे तर आधी माणसं जमवायची, मग बटण बंद करायचं. बंद झालेलं शेअरिंग पलीकडे कळतं.

"आमच्याकडे मारहाण नाही गं," ती म्हणाली. "पण बंद केलं तर कुणी केलं हे विचारतील. आणि चालू कुणी केलं, ते कुणीच सांगणार नाही."

निघायच्या आदल्या संध्याकाळी तिनं फोन खिडकीपाशी चार्जिंगला लावला आणि मला म्हणाली, चला. आम्ही दोघी देवळाच्या बाजूनं खाली उतरलो. नावाडी हरगोलात, म्हणजे गोल टोपलीसारख्या होडीत, बसवून दोन्ही पाण्यांच्या मधे घेऊन गेला. कपिलेचं पाणी जरा गढूळ होतं, कावेरीचं हिरवट. एका जागी नावाड्यानं वल्हं थांबवलं आणि कन्नडमध्ये काही सांगितलं. "तिसरी इथे आहे म्हणतो," तिनं भाषांतर केलं. आम्ही वाकून पाहिलं.

परत आलो तेव्हा अंधार पडला होता. आत्येभाऊ ओसरीवर चष्मा कपाळावर चढवून, फोन हातात घेऊन उभा होता.

"कुठं होता दोघी? इतका वेळ?"

"नदीवर," ती म्हणाली.

"नदीवर? पण ह्यात तर तू घरीच..."

आणि तो मधेच थांबला.